नेत्रिकेतला भोवरा

गेल्या अंकात वसंतातल्या दीर्घिकांची यादी दिली आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रं एकाच जागी अडलेली आहेत. ज्या सर्पिल दीर्घिकांची तबकडी आपल्याकडे तोंड करून आहे, ज्यांचे भोवऱ्यासारखे वळलेले हात फोटोत सगळ्यात देखणे दिसतात, नेमक्या त्याच दुर्बिणीतून हाती लागत नाहीत. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर टाकते आणि फक्त याच विषयावरचे घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न: माझ्याकडे २०० मिलिमीटर आरशाची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. सप्तर्षीजवळची एम १०१ (फ्रेंच निरीक्षक मेसिएच्या यादीतली १०१ वी वस्तू) सलग तीन रात्री शोधली, १२ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावून. यादीत तिची प्रत ७.९ आहे (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद). याच दुर्बिणीतून मला अकराव्या प्रतीचे तारे सहज दिसतात. जागा पुन्हा पुन्हा तपासली, ती बरोबर आहे. तरीही तिथे काहीच नाही. आरसा खराब आहे का?

उत्तर: आरसा चोख आहे. अकराव्या प्रतीचा तारा सहज दाखवतो म्हणजे त्याच्याबद्दल शंका नको. घोळ त्या ७.९ या आकड्यात आहे.

यादीतली प्रत म्हणजे दीर्घिकेचा सगळा प्रकाश गोळा करून एका बिंदूत कोंबला, तर तो बिंदू किती तेजस्वी दिसेल याचं माप. तारा मुळातच बिंदू दिसतो, त्यामुळे त्याला हे माप लागू पडतं. एम १०१ चा प्रकाश मात्र २९ कला लांब आणि २७ कला रुंद (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एवढ्या जागेवर, म्हणजे जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या तबकडीवर पसरलेला आहे. तो सारखा पसरला असं धरलं तर एका चौरस विकलेच्या (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) वाट्याला २३.७ प्रतीचा उजेड येतो. आणि अगदी काळोख्या ठिकाणचं, चंद्र नसलेलं आकाशसुद्धा पुरतं काळं नसतं, त्याचा स्वतःचा उजेड चौरस विकलेला सुमारे २२ प्रतीचा असतो. म्हणजे उत्तम आकाशातही या दीर्घिकेचा सरासरी उजेड आकाशाच्या उजेडाच्या एकपंचमांश भरतो. वस्तीच्या दिव्यांमुळे आकाश १९ प्रतीपर्यंत उजळलेलं असेल तर तो शंभरात जेमतेम सव्वा उरतो. एवढा फरक अंधारात कोणाच्याही डोळ्याला कळत नाही. केंद्राजवळ तबकडी सरासरीहून बरीच उजळ आहे, म्हणून कधी काही दिसलंच तर तेवढा मधला भाग दिसतो.

याच्या उलट अरुंधती केश या तारकासमूहातली एनजीसी ४५६५ बघा (एनजीसी ही दीर्घिका आणि मेघांची आणखी एक मोठी यादी). तिची प्रत ९.६, म्हणजे कागदावर ती एम १०१ पेक्षा जवळजवळ पाचपट मंद. पण ती आपल्याला कडेवर उभी दिसते, तिचा सगळा प्रकाश एका बारीक रेघेत एकवटलेला असतो. तुमच्या दुर्बिणीतून ती एम १०१ च्या आधी दिसेल. समोरून दिसणाऱ्या दीर्घिकेसाठी एकूण प्रत बघून उपयोग नाही, पृष्ठीय तेजस्विता, म्हणजे तेवढ्याच जागेच्या वाट्याला येणारा उजेड, बघायला हवी. हा आकडा चांगल्या याद्यांमध्ये शेजारच्याच रकान्यात असतो आणि आपण तो वाचत नाही.

आता तुमच्या नेत्रिकेकडे येते. १२०० ला १२ ने भागलं की वर्धन १०० पट. साध्या प्लॉसल नेत्रिकेतून या वर्धनाला आकाशाचा साधारण अर्ध्या अंशाचा तुकडा दिसतो. एम १०१ सुद्धा जवळजवळ अर्ध्या अंशाचीच! तुम्ही अगदी बरोबर जागी होता, फक्त दीर्घिकेच्या आत उभं राहून दीर्घिका शोधत होता. भोवतीचं मोकळं आकाश दृष्टिक्षेत्रात उरलंच नाही, मग कशाशी ताडून बघणार?

माझी पहिली एम १०१ अशीच हुकली होती. पुढच्या अमावास्येला मी ३० मिलिमीटरची नेत्रिका लावली आणि ठरवलं, की आज दीर्घिका शोधायचीच नाही, आकाशाचा काळेपणा बघायचा. दुर्बीण हाताने अगदी हळू सरकवत नेली. दोनदा जागेवरून गेले, काही नाही. तिसऱ्यांदा सरकवताना वाटलं, की इथे काळा रंग थोडा विटलाय. कड नाही, आकार नाही, फक्त शेजारच्यापेक्षा कमी काळं. नळी बाजूला नेली, परत आणली. पुन्हा बाजूला नेली, पुन्हा आणली. दर वेळी त्याच चार ताऱ्यांच्या मध्ये तो विटका डाग उभा राहायचा. तेव्हा खात्री पटली. २.१ कोटी वर्षं प्रवास करून आलेला उजेड मी रिकामं आकाश समजून ओलांडत होते, ही गोष्ट मला त्या रात्री फार लागली.

तुम्हीही ३० मिलिमीटरच्या आसपासची नेत्रिका लावा, वर्धन ४० पट येईल. वसिष्ठापासून सुरुवात करा. तिथून पूर्वेकडे पाचव्या-सहाव्या प्रतीच्या चार ताऱ्यांची माळ जाते: ८१, ८३, ८४ आणि ८६ सप्तर्षी. शोधक दुर्बिणीत ही माळ स्पष्ट दिसते. शेवटच्या ८६ पासून त्याच दिशेने, किंचित उत्तरेला, दीड अंश पुढे जा आणि तिथे थांबून दुर्बीण थोडी थोडी हलवत राहा. अंधूक पसरट गोष्ट स्थिर असली तर नजरेतून निसटते, हलली की डोळा ती पकडतो. नळीवर बोटाने हलकी टिचकी मारली तरी चालते. दीर्घिका आकाशात जास्तीत जास्त वर आलेली असतानाच हे करा. क्षितिजाजवळच्या धुरकट हवेत ती बिलकुल सापडणार नाही.

आणखी एक सांगते, कारण हा समज मलाही कैक वर्षं होता. मोठ्या आरशाने दीर्घिकेचा पृष्ठभाग नुसत्या डोळ्याला दिसेल त्याहून उजळ होत नाही. मोठा आरसा एवढंच करतो, की तेवढाच उजेड राखून प्रतिमा मोठी करून देतो. अंधूक आणि मोठी गोष्ट डोळ्याला अंधूक आणि लहान गोष्टीपेक्षा लवकर जाणवते, सगळा फायदा यातच आहे. म्हणूनच लहान दुर्बीण काळोख्या जागी नेली, तर ती दिव्यांच्या गर्दीतल्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा एम १०१ चांगली दाखवते. आरसा बदलण्याआधी जागा बदला.

प्रश्न: एम ५१ मला २५० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून दिसते, पण दोन धुरकट गोळे शेजारी ठेवल्यासारखी. फोटोतले हात कधी दिसणार? आणि दिसले तर ते खरंच दिसले की फोटो आठवून मला भास झाला, हे कसं ओळखायचं?

उत्तर: तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी तुमचे आभार. तो प्रत्येक निरीक्षकाने स्वतःला विचारायला हवा.

आधी थोडा इतिहास. एम ५१ मेसिएने १७७३ साली शोधली. १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन हर्शेलच्या चित्रात तिचं केंद्र आहे, भोवती एक कडं आहे आणि ते कडं एका बाजूला दुभंगलेलं आहे. हर्शेलची दुर्बीण सुमारे ४६ सेंटिमीटरची होती, त्याची नजर तर त्या काळातल्या सर्वोत्तम नजरांपैकी एक. तरी त्याला भोवरा दिसला नाही, कडं दिसलं. १८४५ च्या वसंतात आयर्लंडमधल्या बर कासलला लॉर्ड रॉसने आपल्या १८३ सेंटिमीटर आरशाच्या दुर्बिणीतून तीच दीर्घिका पाहिली आणि वळत जाणारे हात कागदावर उतरवले. कोणत्याही दीर्घिकेचा सर्पिल आकार माणसाने ओळखला तो तेव्हा पहिल्यांदा. आज आपण हर्शेलपेक्षा कितीतरी लहान दुर्बिणीतून तेच हात बघतो, कारण आपल्याला काय शोधायचं ते आधीच कळलेलं आहे. हा आपला फायदा, आणि तुम्हाला जी शंका आली तिचं मूळही तेच.

तुमच्या २५० मिलिमीटरमधून, खरोखर काळोख्या जागी, हात दिसतात. २०० मिलिमीटरमध्ये त्यांची चाहूल लागते, ३०० मध्ये ते सहज उमटतात. एम ५१ चा सरासरी उजेड चौरस विकलेला पावणेबावीस प्रतीच्या आसपास आहे. म्हणजे एम १०१ च्या सहापट, काळोख्या आकाशाच्या जवळपास बरोबरीचा. समोरून दिसणाऱ्या दीर्घिकांमध्ये ही सगळ्यात उदार. हातांचं शिक्षण हिच्यापासूनच घ्यावं. मरीचीपासून साडेतीन अंश नैर्ऋत्येला ती आहे.

वर्धन वाढवायला घाबरू नका. माझ्याकडेही २५० मिलिमीटरचीच दुर्बीण आहे, नाभीय अंतर १२५०. मी ३० मिलिमीटरच्या नेत्रिकेने ती शोधते आणि लगेच १३ मिलिमीटरची लावते, म्हणजे ९६ पट. एम १०१ साठी जे चुकीचं, ते इथे बरोबर आहे. एम ५१ अकरा कलांची आहे, त्यामुळे दृष्टिक्षेत्रात भोवती भरपूर काळं आकाश उरतं.

माझ्या वहीतली एका एप्रिल रात्रीची नोंद जशीच्या तशी देते:

"१०.४० दोन केंद्रं. मोठं लोकरीच्या गाठीसारखं, लहान जास्त टोकदार. १०.५५ मोठ्याभोवती गोल धुकं, कड कुठे ते कळत नाही. ११.१० धुकं सारखं नाही, एका बाजूला दाट. ११.२० गाठ आणि बाहेरचं धुकं यांच्यात काळी फट! दिसली, गेली. ११.२२ पुन्हा तीच फट, त्याच जागी. ११.३० फट वाकडी आहे. आतून सुरू होऊन बाहेर उघडते. म्हणजे बाहेरचं धुकं कडं नाही, हात आहे."

पन्नास मिनिटं गेली. त्यातली पहिली चाळीस मिनिटं मी उजेड शोधत होते, शेवटी सापडली ती हातांमधली फट. तेव्हापासून प्रत्येक नवशिक्याला मी हेच सांगते, की हातांचा उजेड शोधू नका, दोन हातांमधला काळोख शोधा. हाताचा उजेड पसरट असतो, हळूहळू विरतो, त्याला धरायला कड नसते. फटीला दोन्ही बाजूंनी उजेड असतो, म्हणून ती नजरेला लवकर सापडते. लहान साथीदाराकडे, म्हणजे एनजीसी ५१९५ कडे जाणारा पूल मात्र हातांपेक्षाही अवघड आहे. मला तो फक्त दोन रात्रींना निःशंक दिसला आहे.

आता भासाबद्दल. निरीक्षणाच्या आधी आठवडाभर त्या दीर्घिकेचा फोटो बघू नका. दुर्बिणीशी बसल्या बसल्या चित्र काढा, मंद लाल दिव्यात, साध्या पेन्सिलीने. आधी दृष्टिक्षेत्रातले तारे मांडून घ्या, म्हणजे दिशा पक्क्या होतात. दुसऱ्या दिवशी चित्र फोटोशेजारी ठेवा. न्यूटनी, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या आरशाच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी असते, पण आरशात बघितल्यासारखी डावी-उजवी होत नाही, तेव्हा कागद फिरवून चित्र फोटोशी जुळलं पाहिजे. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावून बघितलं असेल तर भोवरा उलट्या दिशेने वळलेला दिसतो. तसं असताना तुमच्या चित्रातला भोवरा फोटोतल्यासारखाच सुलटा वळला असेल, तर तो स्मरणातून आला, आकाशातून नाही. एका वर्षी मी उसन्या घेतलेल्या भिंगाच्या दुर्बिणीतून एम ५१ चं चित्र काढलं आणि या कसोटीवर ते नापास झालं. ते पान मी फाडलं नाही. त्याच्या कोपऱ्यात "स्मरण" असं लिहून ठेवलं आहे.

प्रश्न: ताई, मी नववीत आहे. दीर्घिका फोटोत निळ्या-गुलाबी असतात, पण मला सगळं राखाडी दिसतं. माझ्या डोळ्यांत काही दोष आहे का? आणि बाबा म्हणतात की तिरक्या नजरेने बघ, म्हणजे नेमकं कसं?

उत्तर: तुझे डोळे अगदी छान आहेत. आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशींना रंग कळतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी अगदी थोड्या उजेडातही काम करतात, मात्र त्यांना रंग ओळखता येत नाहीत. दीर्घिकेचा उजेड इतका कमी असतो, की फक्त दंडपेशी जाग्या होतात, म्हणून सगळं राखाडी. कॅमेरा तासन् तास प्रकाश साठवत बसतो. तुझा डोळा सेकंदाच्या एका छोट्या भागापुरता प्रकाश साठवतो आणि पुढचं चित्र घेतो. फोटोतले रंग खरेच आहेत, ते बघण्याइतका उजेड आपल्या डोळ्यापर्यंत येत नाही एवढंच.

बाबा बरोबर सांगतात. आपण एखाद्या गोष्टीकडे रोखून बघतो तेव्हा ती डोळ्याच्या मधोमध पडते आणि नेमकी तिथे दंडपेशी नसतात. त्या बाजूला दाट असतात. म्हणून दीर्घिका नेत्रिकेच्या मध्ये ठेव आणि तू तिच्या थोडं बाजूला बघ, लक्ष मात्र तिच्यावरच असू दे. उजव्या डोळ्याने बघत असशील तर दीर्घिकेच्या उजवीकडे बघ, डाव्या डोळ्याने बघत असशील तर डावीकडे. म्हणजे दीर्घिका तुझ्या नाकाच्या बाजूला आली पाहिजे. उलट बाजूला प्रत्येक डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो, दीर्घिका त्यात पडली तर गायबच होते. सुरुवातीला नजर सारखी मध्येच धावते. दोन-तीन रात्रींत सवय होईल. आणि बघताना श्वास रोखून धरू नकोस, सावकाश श्वास घेत राहा.

काय दिसलं ते मला नक्की कळव. चित्र पाठवलंस तर आणखी आवडेल.

प्रश्न: मोबाईलवरचा नकाशा लाल रंगात केला तर चालतो ना?

उत्तर: अगदी मंद केला तर चालतो. पण काळोखाला पुरता सरावलेला डोळा तयार व्हायला अर्धा ते पाऊण तास लागतो, आणि एक पांढरा संदेश उजळला की तो सगळा जातो. मी एम १०१ च्या रात्री मोबाईल बंद करून पिशवीत टाकते आणि डोक्यावरून काळं कापड घेते. कापडाने आजूबाजूचा उजेड अडतो, त्याचा फरक पहिल्याच मिनिटात कळतो.

प्रश्न: प्रकाशप्रदूषण कमी करणारं फिल्टर घेतलं, पण दीर्घिका आणखी मंद दिसायला लागली. माझं काही चुकतंय का?

उत्तर: तुमचं काही चुकत नाही. दीर्घिकेचा उजेड हा मुख्यतः ताऱ्यांचा उजेड आहे आणि तो सगळ्या रंगांत पसरलेला असतो. फिल्टर आकाशाचा उजेड कापतं, तसाच दीर्घिकेचाही कापतं. दीर्घिकांसाठी ते बाजूला ठेवा.

एकाच ठिकाणी फिल्टर खरंच कामाला येतं. समोरून दिसणाऱ्या जवळच्या दीर्घिकांच्या हातांत तारे जन्माला घालणारे वायूचे प्रचंड मेघ असतात आणि ते मोजक्याच तरंगलांबींवर चमकतात. त्रिकोण तारकासमूहातल्या एम ३३ मध्ये एनजीसी ६०४ हा असा मेघ आहे, सुमारे १५०० प्रकाशवर्षं रुंद. दीर्घिकेचं अंतर सुमारे २७ लाख प्रकाशवर्षं, आणि तरी तो लहान दुर्बिणीतून स्वतंत्र ठिपका म्हणून दिसतो. फक्त ऑक्सिजनच्या तरंगलांबींचा उजेड आत येऊ देणारं फिल्टर तुमच्याकडे असेल तर ते नेत्रिकेला लावू नका. बोटांत धरून डोळा आणि नेत्रिका यांच्यामध्ये आत-बाहेर करा. फिल्टर आत आलं की दीर्घिकेचं धुकं विझतं आणि मेघ तसाच उभा राहतो, बाहेर गेलं की धुकं परत येतं. एम १०१ मध्येही असे मेघ आहेत आणि त्यांना स्वतःचे एनजीसी क्रमांक आहेत: ५४४७, ५४६१, ५४६२, आणि केंद्रापासून बराच लांब असलेला ५४७१. जेव्हा दीर्घिकेची तबकडी नीट दिसत नाही, तेव्हा या गाठी हेरायच्या. त्या जोडत गेलं की हात कुठून कुठे जातो त्याचा अंदाज येतो.

प्रश्न: माझं वय ६८. एका रात्रीत मेसिएच्या सगळ्या वस्तू बघण्याच्या उपक्रमात मार्चमध्ये भाग घेतला, त्यात एम ७४ दिसली नाही. बरोबरच्या तरुणांपैकी दोघांना दिसली. या वयात अशा अंधूक गोष्टींच्या मागे लागणं सोडून द्यावं का?

उत्तर: सोडू नका. ही कळकळीची विनंती समजा.

एम ७४ ही मेसिएच्या यादीतली बहुधा सगळ्यात निसटती दीर्घिका आहे. प्रत ९.४ आणि सगळा प्रकाश दहा कलांच्या तबकडीवर पसरलेला. मार्चच्या अखेरीस ती संध्याकाळच्या संधिप्रकाशात पश्चिमेला टेकलेली असते. अशा वेळी ती दिसणं हा नशिबाचा भाग जास्त असतो. तीच दीर्घिका नोव्हेंबरमध्ये, रात्री ती डोक्याच्या आसपास आलेली असताना बघा. मीन राशीतल्या ईटा ताऱ्यापासून सव्वा अंश पूर्वेला, किंचित उत्तरेकडे. आधी लहानसं केंद्र दिसेल, मंद ताऱ्याभोवती वाफ धरल्यासारखं. तिथेच थांबा. धुकं नंतर येतं.

वयाचा एक परिणाम खरा आहे. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की बऱ्याच जणांची पाचच्या आसपास थांबते. त्यावरून नेत्रिका निवडा. आरशाचा व्यास भागिले वर्धन एवढ्या जाडीची प्रकाशशलाका नेत्रिकेतून बाहेर पडते. ती बाहुलीपेक्षा जाड असेल तर जादा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. २०० मिलिमीटरच्या आरशाला ४० पटीच्या खाली जाऊ नका. एम ७४ साठी ६० ते १०० पट योग्य, तिथे शलाका दोन ते साडेतीन मिलिमीटरची असते आणि तुमची बाहुली पंचविशीतल्या माणसाइतकीच पुरते. मला ज्यांनी पहिल्यांदा दुर्बिणीशी बसवलं ते काका तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. मला रिकामं दिसणाऱ्या जागी ते शांतपणे दीर्घिकेची कड बोटाने हवेत काढून दाखवायचे. त्यांची बाहुली माझ्याहून लहान होती, पण अंधूक उजेड वाचायचा चाळीस वर्षांचा सराव त्यांच्याकडे होता.

प्रश्न: दीर्घिकेत नवा तारा फुटलेला आपल्या दुर्बिणीतून कधी दिसतो का? आणि तो आपल्याच आकाशगंगेतला मध्ये आलेला साधा तारा नाही, हे कसं कळायचं?

उत्तर: दिसतो, आणि समोरून दिसणाऱ्या दीर्घिका त्यासाठी उत्तम, कारण तबकडी उघडी असते आणि धुळीआड फार काही लपत नाही. वृषपर्वा आणि हंस या तारकासमूहांच्या सीमेवरच्या एनजीसी ६९४६ मध्ये १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत दहा अतिनवतारे, म्हणजे असे फुटलेले तारे, नोंदले गेले. एम १०१ मध्ये २०११ च्या ऑगस्टमध्ये एक दिसला. मग १९ मे २०२३ ला जपानच्या कोइची इतागाकींना आणखी एक सापडला, तोही नेमका अमावास्येला. त्याला २०२३आयएक्सएफ असं नाव मिळालं.

बातमी कळल्यावर तीन दिवसांनी मी दुर्बीण घेऊन बाहेर पडले. चंद्राची कोर लवकर मावळली. ९६ पट वर्धनाला एम १०१ च्या विटक्या धुक्यात एक टोकदार, स्वच्छ ठिपका होता, अकराव्या प्रतीच्या आसपासचा. दीर्घिकेतले कोट्यवधी तारे मिळून मला धुकं दाखवत होते आणि हा एकटा तारा टाचणीच्या टोकासारखा वेगळा दिसत होता. मी बराच वेळ काही लिहिलंच नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच रात्री घरी येऊन शोधलं. एम १०१ च्या फोटोवर आपल्या आकाशगंगेतले असे कितीतरी तारे पसरलेले दिसतात आणि नुसतं बघून वेगळेपण कळत नाही. जुना नकाशा किंवा जुना फोटो ताडून बघावा लागतो. माझ्याकडे २०१४ च्या वहीत याच दुर्बिणीतून काढलेलं एम १०१ चं चित्र होतं. दोन्ही पानं शेजारी ठेवून एकेक तारा जुळवत गेले, सगळे जागच्या जागी निघाले. जिथे आता टोकदार ठिपका होता, तिथे नऊ वर्षांपूर्वी मी पेन्सिल आडवी धरून एक पुसट डाग उमटवला होता आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "५४६१ असावा, तिरक्या नजरेने."